केळीच्या डागाचे लंगोट

बाळाच्या लंगोटाबद्दल सगळ्यात ठाम मतं कुणाची असतात, हे मला पहिल्या बाळंतपणात कळलं. ज्यांनी ते कधी पिळलेले नसतात त्यांची. माझ्या नवऱ्याला मत होतं, नणंदेला होतं, शेजारच्या क्वार्टरमधल्या बाईंना होतं, आणि माझ्या सासूबाईंचं तर मत नव्हतंच, निकाल होता. आता दुकानात मातीत मिसळून जाणारे डायपर मिळतात म्हणे. कापडी बरे की ते बरे, यावर शिकलीसवरली माणसं चहा गार होईपर्यंत बोलत बसतात. मी ऐकते आणि गप्प राहते. कारण या विषयावर मी तोंड उघडलं तर समोरच्याचा चहा कडू होईल.

माझं माहेर सावद्याचं, केळीवाल्यांचं. ज्यांच्या घरी केळीची बाग आहे त्यांना केळीच्या डागाबद्दल काही सांगावं लागत नाही. घड कापला की दांड्यातून पाण्यासारखा चीक गळतो. कपड्यावर पडतो तेव्हा दिसतही नाही. वाळला की तांबूस होतो, मग काळपट, आणि मग ते कापड फाटेपर्यंत तो डाग तिथेच राहतो. म्हणून आमच्याकडे बागेत घालायचे कपडे वेगळे आणि गावात घालायचे वेगळे. तरी कधी कुणाच्या सदऱ्यावर तो डाग पंगतीत दिसलाच, तर कुणी नाक मुरडत नाही. यंदा माल कसा पडला, एवढंच विचारतात.

माझे वडील, आबा, बागेत धोतर नेसून जायचे. ती धोतरं आई टाकून देत नसे. तान्ह्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाचं वापरून मऊ झालेलं जुनेर लावायचं, ही आमच्याकडची रीत. मला सातवा लागल्यावर आईनं ट्रंकेतून आबांची जुनी धोतरं काढली आणि ओसरीवर बसून लंगोट बेतायला घेतले. डागाचा भाग ती वगळत नव्हती. उलट तोच आधी कापत होती. चीक पडतो तो भाग जास्त घासून धुतला जातो, त्यामुळे धोतर तिथेच सगळ्यात मऊ होतं, हे तिचं साधं गणित. लंगोट शिवून झाला की तो स्वतःच्या गालाला लावून बघायची, आणि कुठे शिवण टोचली तर उसवून पुन्हा घालायची. माझी मुलगी सव्वा महिना त्या लंगोटांत निजली. तिच्या अंगावर साधं घामोळंसुद्धा उठलं नाही.

सव्वा महिन्यानं मी दीपनगरला परत आले. नवरा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला होता आणि आम्हाला कॉलनीत क्वार्टर होतं. नातीसाठी म्हणून सासूबाई धुळ्याहून येऊन राहिल्या होत्या. त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो. अक्कांचं लहानपण साक्रीकडच्या खेड्यात गेलेलं. पण सासरे धुळ्याला सरकारी कचेरीत लागल्यापासून त्यांनी गावाकडची बोली अशी काही धुऊन काढली होती, की ऐकणाऱ्याला वाटावं बाई सदाशिव पेठेतून आत्ताच गाडीतून उतरल्या आहेत. ‘आहे’, ‘नाही’, ‘बरं का’ हे शब्द त्या काचेच्या बरण्यांसारखे जपून ठेवायच्या.

त्यांनी माझं गाठोडं सोडलं आणि त्यातला एक लंगोट दोन बोटांत धरून वर उचलला.

“हे काय आहे?”

“लंगोट. आईनं शिवलेत.”

“ते दिसतंय. हे डाग कसले?”

“केळीच्या चिकाचे. ते जात नाहीत, अक्का.”

“जात नाहीत असं जगात काही नसतं, बरं का. काही लोकांना घालवायचे नसतात.”

मला राग आला. पण नुकती बाळंतीण झालेली बाई सासरी परत आली की तिच्या रागाला जागा कुठे असते? मी तो गिळला आणि पोरीला पाजायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या स्वयंपाकघरात एका ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्यात माझ्या बापाची धोतरं उकळायला लागली. अक्का त्यात धुण्याचा सोडा टाकायच्या, आणि तो मोजून नाही, मूठ भरून. पातेल्यात काठी फिरवायचं काम त्यांचं. बाहेर काढून खळबळून पिळायचं काम माझं. तेही एकाच बादलीत, कारण “पाणी उधळायची सवय लावून घेऊ नकोस.” लंगोट वाळले की पापडासारखे कडक व्हायचे. डाग मात्र होता तिथेच. उलट बाकीचं कापड पांढरं पडल्यामुळे तो जास्तच उठून दिसायचा. मग अक्का दुसऱ्या दिवशी दीड मूठ टाकायच्या. केळीच्या चिकाशी भांडायला निघालेली ही जगातली पहिली बाई असावी. सावद्यात हे कुणाला सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते.

आठवडा उलटला नाही तोच पोरीच्या जांघा लाल झाल्या. मग मांड्यांची कातडी सोलली. वैशाख तोंडावर आलेला. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे दुपारी दाराची कडी हाताला चटका देते. त्यात ते लेकरू लंगोट लागला की असं किंचाळायचं, की मला माझ्या हातांचीच भीती वाटू लागली. दर वेळी कापड बांधायचं आणि दर वेळी तिचं तोंड बघायचं.

अक्कांनी कारण ताबडतोब सांगितलं. “डाग. मी पहिल्याच दिवशी म्हटलं नव्हतं? मळ आहे तो. शेतातला मळ.”

मी नवऱ्याकडे बघितलं. तो यंत्राच्या नुसत्या आवाजावरून बिघाड कुठे आहे ते ओळखतो, असं त्याचं कॉलनीत नाव होतं. घरात स्वतःची पोर किंचाळत होती, तो आवाज त्याला कशाचा वाटला कोण जाणे. “आई म्हणते तर काहीतरी असेल,” असं म्हणून त्यानं पेपरची उलटी घडी घातली.

त्याच दिवशी आईनं शिवलेले लंगोट बाळाकडून निघाले आणि अक्कांनी त्यांची पोतेरी केली. एक ओट्याला, एक मोरीच्या तोंडाशी, एक दाराशी पाय पुसायला. आईनं गालाला लावून बघितलेलं कापड होतं ते. मी त्यावर पाय न देता घरात वावरायला शिकले.

मग माझी नणंद मुंबईहून आली. तिच्या दिरानं कुठल्याशा परदेशातून डायपरचं पाकीट आणलं होतं, ते तिनं भाचीसाठी आणलं. प्रत्येकावर रंगीत अस्वलं छापलेली. तिनं ते पाकीट असं काही समोर ठेवलं, जसं काही दागिन्याचा डबाच उघडते आहे. “हे लावायचं आणि टाकायचं. कागदच आहे शेवटी, मातीत जातं. बाहेर आता कुणी फडकी धूत बसत नाही, वहिनी.” बाहेर म्हणजे कुठे, हे तिला विचारायची सोय नव्हती. ती स्वतः डोंबिवलीच्या पुढे कधी गेलेली नव्हती.

त्या पाकिटाचं पुढे काय झालं, तर अक्कांनी ते शोकेसमध्ये ठेवलं. कपबश्यांच्या सेटशेजारी. कॉलनीतल्या बायका बाळ बघायला आल्या की आधी बाळ दाखवायचं आणि मग पाकीट. त्या बायकाही तशाच. बाळाच्या सोललेल्या मांड्यांकडे एक नजर टाकायच्या आणि अस्वलांचं कौतुक करायच्या. शेवटी मीच हट्टाला पेटून एक काढला आणि पोरीला लावला. घामानं आत सगळं शिजल्यासारखं झालं. संध्याकाळी काढला तेव्हा पोर सकाळपेक्षा जास्त लाल होती.

तो वापरलेला डायपर मी टाकायला निघाले तर अक्कांनी हातातून काढून घेतला. चांगली परदेशातली वस्तू एकदाच वापरून टाकायची? त्यांनी स्वतःच्या हातानं, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, बादलीत पाणी घेऊन तो धुवायला घेतला. पाणी लागलं तसा तो फुगत गेला. अक्कांनी चोळला, तसा एका बाजूनं फाटला आणि आतून भिजवलेल्या साबुदाण्यासारखा गिळगिळीत लगदा मोरीभर पसरला.

“अय माय! हाई काय शे? बठ्ठं फुटी गयं!”

बरण्या एका दमात फुटल्या. सगळी सदाशिव पेठ मोरीत वाहून गेली आणि साक्रीकडची पोर तेवढी उरली. मी दारात उभी होते. मला हसू आलं आणि मी ते लपवलं नाही. पण अक्का लगेच सावरल्या. “भांडी घासायची राख दे जरा, बरं का,” म्हणाल्या. उरलेलं पाकीट पुन्हा शोकेसमध्ये गेलं.

आता अक्कांनी धुळ्याहून नवं पांढरं कापड मागवलं. त्याचे लंगोट शिवले. त्यावर एकही डाग नव्हता. तरी सवयीनं तेही पातेल्यात आणि त्यातही मूठभर सोडा. पोरीची कातडी आता नव्या, स्वच्छ, बिनडागाच्या कापडात सोलत होती. तरी घरात कुणाला प्रश्न पडला नाही. “माहेरचं अंगात मुरलंय, निघायला वेळ लागतो,” हे अक्कांचं उत्तर तयार होतं.

अशातच आई आली. तिनं काही कळवलं नव्हतं. सावद्याहून एस.टी.नं, हातात वांग्यांची पिशवी, डोक्यावर पदर. दारात चपला काढताना तिची नजर पायपुसण्यावर गेली. ती तिथेच थांबली. तो डाग तिच्या ओळखीचा होता. तिनं त्यावर पाय दिला नाही. वाकून ते उचललं, झटकलं, घडी घातली आणि बाजूला कोनाड्यात ठेवलं.

अक्का लगबगीनं पुढे आल्या. “विहीणबाई, राग मानू नका. पण तान्ह्या जिवाला असलं डागाळलेलं... बघा ना काय झालंय पोरीचं.” आणि त्यांनी दुपटं बाजूला करून आईला ते दाखवलं.

मला वाटलं होतं आई काहीतरी बोलेल. केळीचा चीक म्हणजे काय ते अक्कांना सांगेल, स्वतःच्या तीन पोरांचे लंगोट कशाचे होते ते सांगेल. त्याची वाट बघत मी उभी होते. आईनं नातीच्या मांडीवर बोट टेकवायला नेलं आणि मधेच मागे घेतलं.

“माह्या हातानं लागलं व हे लेकराले,” ती म्हणाली.

“आई, तसं नाहीये.”

“शिकेल लोकं हायेत हे. त्याईले कयते.”

चहा न घेता ती संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. निघताना अक्कांनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं, वांग्यांचं भरीत छान होईल म्हणाल्या. ते खरंच छान झालं. सगळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. मी मात्र उपाशी झोपले. इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता. मला अक्कांना एवढंच कबूल करायला लावायचं होतं, की माझ्या आईच्या हातानं काही लागलेलं नाही. आणि ते आईच्या कानावर घालायचं होतं. बाकी त्या घरातलं काहीही मला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दोरीवरचे लंगोट काढत होते. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, त्यांत कापड लागलं की झोंबायचं. हे डागाच्या कापडानंही झोंबायचं आणि नव्या कापडानंही. मी त्या नव्या, पांढऱ्याशुभ्र लंगोटाचं टोक जिभेला लावलं. खारट, मग जळजळ. कापडात सोडा तसाच भरलेला होता.

मी मोरीत गेले, नळ सोडला आणि सगळे लंगोट धुतले. पाण्यातून काढले, पुन्हा धुतले, पुन्हा काढले. जिभेला लागेनासं होईपर्यंत धुतले. पोतेरी झालेल्यांतले जे धड होते तेही त्यात घेतले. अक्का पाण्याच्या नावानं ओरडत राहिल्या. मी ऐकलं नाही. पातेलं मी उचलून माळ्यावर ठेवलं आणि सोड्याची पुडी कचऱ्यात टाकली.

पोर निवली. आधी तिचं किंचाळणं थांबलं, मग लाली उतरली, मग नवी कातडी आली. तिच्या अंगाला आबांच्या धोतराचेच लंगोट होते, डागांसकट.

मी अक्कांना सरळ सांगितलं, “डागानं नव्हतं झालं. सोड्यानं झालं.”

त्यांनी एक क्षणही घेतला नाही. “डाग होते म्हणूनच तर सोडा घालावा लागला ना?”

काही माणसं अशी असतात की स्वतः आग लावतात आणि वर लाकडाला वाळकं असल्याबद्दल बोल लावतात. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे केळीचा डाग सोड्यानं काढणं. पुढे कॉलनीत मात्र गोष्ट वेगळीच पसरली. अक्का सगळ्यांना सांगत होत्या, की मुंबईच्या डायपरनं पोरीला गुण आला. जो एक लावला होता त्यानं म्हणे! नवराही माना डोलवायचा. शोकेसमधली अस्वलं खाली बघून हसायची.

मी सावद्याला गेले, आईला सगळं सांगितलं, पोरीची बरी झालेली कातडी दाखवली. सोड्याचं सांगितलं, जिभेचं सांगितलं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“तू माह्यासाठी म्हनतेस,” ती म्हणाली आणि ज्वारी निवडायला बसली.

तेव्हा मला वाटलं, जाऊ दे, विसरेल. माझी आई घरच्या भांडणातलं काही लक्षात ठेवणारी बाई नव्हती.

काही वर्षांनी मला मुलगा झाला. बाळंतपण पुन्हा सावद्यालाच. दवाखान्यातून घरी आले तर खाटेवर लंगोटांची चळत ठेवलेली. बाजारातून आणलेलं नवं कोरं कापड, खळ अजून निघालेली नाही, हाताला कागदासारखं लागत होतं. पांढरंशुभ्र.

“आई, हे काय?”

“एकबी डाग नाही. पाहून घे,” आई म्हणाली. शाळेत पाटी दाखवणाऱ्या पोरीसारखी ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

“आणि आबांची धोतरं?”

“ते टाकून देल्ले उकंड्यावर. मंग काय करता?”

आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. घरामागे, गोठ्याला लागून. शेण, राख, पालापाचोळा, जे जे घराला नको ते सगळं तिथे जातं आणि उन्हाळ्यात गाडीत भरून बागेत जातं. ट्रंकेतली सगळी धोतरं तिनं तिथे टाकली होती. मी त्या कडक चळतीवर हात ठेवून रडले. आईला वाटलं, अंगात त्राण नाही म्हणून रडते आहे. तिनं डिंकाचा लाडू आणून दिला.

बारशाला नणंद आली. पुन्हा पाकीट, पुन्हा अस्वलं. या वेळी तिला शोकेस मिळाली नाही म्हणून तिनं चार दिवस स्वतःच ते बाळाला लावले आणि वापरलेले कुठे टाकायचे ते आईला विचारलं. आईनं अर्थातच उकंडा दाखवला. “उत्तम,” नणंद म्हणाली, “कागदच आहे, खत होईल.” केळीवाल्यांच्या घरी येऊन तिनं आम्हाला खत कशाचं होतं ते शिकवलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी पोरांना घेऊन माहेरी होते. मृगाच्या लागवडीआधी आबा बागेत खत टाकत होते. गाडीतलं खत फावड्यानं पसरता पसरता ते थांबले आणि मला हाक मारली.

“तुह्या नंदेचं काही राह्यलं वाटते इथी.”

काळ्याभोर, भुसभुशीत खतात नणंदेचा डायपर पडला होता. जसा टाकला तसा. बाजूला दुसरा, थोड्या अंतरावर तिसरा. आबांनी फावड्याच्या टोकानं ते बांधावर टाकले आणि पुढच्या सरीकडे वळले. मी खाली बसून खतात हात घातला. धोतराचा एखादा तुकडा, एखादी किनार, निदान दोन बोटं कापड. नुसतं सूत तरी. काही नव्हतं. सगळी धोतरं माती झाली होती, चांगली मऊ माती, आबांच्याच बागेत.

आई न्याहारी घेऊन बांधावर आली. तिनं त्यातला एक डायपर उचलला, पाटाच्या वाहत्या पाण्यात खळबळला आणि उन्हात धरून बघितला. प्लॅस्टिकवरची अस्वलं लखलखीत निघाली.

“सालभर केयीच्या खतात राह्यलं,” ती कौतुकानं म्हणाली, “अन् पाह्य, एकबी डाग नाही पडला व.”